प्लास्टिकच्या पोटातलं शंखजिरं

गाडीच्या काळ्या डॅशबोर्डवर किल्लीचं टोक घासलं की पांढरट रेघ उठते. ओलं फडकं फिरवलं की ती गेल्यासारखी वाटते, वाळल्यावर पुन्हा हजर. गाडीवाले म्हणतात, रंग उडाला. पण या भागांना बहुधा वरून रंग देतच नाहीत. तो दाण्यातच कालवलेला असतो. किल्लीने वरचा प्लास्टिकचा अगदी पातळ पापुद्रा खरवडला जातो आणि आत दडलेला दगड उघडा पडतो. ही रेघ त्या दगडाची.

दगड हा शब्द मी अलंकार म्हणून वापरत नाही. आजच्या मोटारींमधले डॅशबोर्ड, दाराच्या आतले पॅनेल, बंपर, एअर फिल्टरची पेटी हे भाग बऱ्याचदा पॉलिप्रॉपिलीनचे असतात आणि त्यांच्या वजनातला दहा ते चाळीस टक्के वाटा खाणीतून काढून बारीक दळलेल्या एका खनिजाचा असतो. माझी सगळी नोकरी भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत असे भाग बनवण्यात गेली. तिथे आम्ही त्याला टाल्क म्हणायचो. एकदा मशीनवरच्या मामांनी फुटलेल्या गोणीतली पावडर बोटांवर चोळून पाहिली आणि म्हणाले, "हे तर शंखजिरं." तोवर शंखजिरं हा शब्द मला फक्त औषधांच्या दुकानातल्या जुन्या बरण्यांवरून माहीत होता.

या नावात शंखही नाही आणि जिरंही नाही. कोशांमध्ये 'संगजिरे' असंही रूप मिळतं. गुजरातीत 'संगजीरू' म्हणतात. युनानी वैद्यकात याच दगडाला 'संगे जराहत' असं नाव आहे, म्हणजे जखमेचा दगड. त्याची पूड जखमेवर दाबत. फारसी 'संगे जराहत' मराठी-गुजराती तोंडांत घोळत घोळत जिऱ्यापर्यंत आलं असावं, असं मला वाटतं. टाल्क हा शब्दही मूळचा अरबी, 'तल्क'. शिंप्याचा पांढरा खडू, वेल्डर लोखंडावर खूण करायला वापरतो ती कांडी, पंक्चरवाला टायर आणि ट्यूब यांच्यामध्ये भुरभुरवतो ती पावडर, ही सगळी याच घराण्यातली. सिंधू संस्कृतीतल्या मुद्राही बहुतांशी याच मऊ दगडात कोरल्या आणि मग भाजून कठीण केल्या. आपल्याकडे तो मुख्यतः राजस्थानात, उदयपूर आणि दौसा भागात निघतो, उत्तराखंडातही आहे. फ्रान्समध्ये पिरेनीज पर्वतात त्रिमून्स नावाची त्याची एक प्रचंड उघडी खाण आहे. ती इतक्या उंचावर आहे, की हिवाळ्यात बर्फामुळे तिथलं खोदकाम थांबतं.

आता यातली गंमत पाहा. खनिजांचं काठिण्य मोजायच्या मोहस्‌च्या पट्टीवर हिरा १० वर आहे आणि टाल्क १ वर. त्याहून मऊ खनिज त्या पट्टीत नाही. नखाने ओरखडा उठतो. तरीही आम्ही ते प्लास्टिकमध्ये घालत होतो ते प्लास्टिक ताठ व्हावं म्हणून. नोकरीच्या पहिल्या वर्षी हे मला कुणी सांगितलं तेव्हा मी ते पाठ केलं, पण मनाला पटलं नव्हतं.

पटलं ते पत्त्यांच्या कॅटमुळे. कॅट हातात धरून आडवा रेटा दिला तर तो सहज विस्कटतो, पानावरून पान घसरतं. पण त्यातलं एकच पान घेऊन दोन टोकांना ओढा. ते लांबत नाही आणि सहजी फाटतही नाही. टाल्कची रचना अशीच आहे. मॅग्नेशियमचा एक थर मध्ये आणि त्याच्या वर-खाली सिलिकाच्या दोन जाळ्या, असं एक पान. पानाच्या आतले बंध पक्के. एका पानाचा दुसऱ्या पानाशी मात्र जवळजवळ काही संबंध नाही, नुसती टेकलेली. बोटांना जो साबणासारखा बुळबुळीतपणा लागतो तो पानं सरकण्याचा. घरच्या कॅरमवर पावडर टाकल्यावर सोंगटी पळते तीही यामुळेच. मोहस्‌ची पट्टी ओरखड्याचं माप घेते, म्हणजे कॅट किती सहज विस्कटतो ते सांगते. एकेक पान किती ताठ आहे, हे ती सांगत नाही. आणि ते पान, त्याच्या लांबी-रुंदीच्या दिशेने, पॉलिप्रॉपिलीनच्या कित्येक पट ताठ असतं.

म्हणून टाल्क दळणं ही कला आहे. नुसतं कुटून चालत नाही. पानं मोडू न देता एकमेकांपासून सोडवावी लागतात. चांगल्या टाल्कचा कण काही मायक्रॉन रुंद आणि त्या मानाने फारच पातळ असतो. रवा आणि पातळ पोहे यांत जो फरक, तोच चुनखडीची पूड आणि टाल्क यांत. वितळलेलं प्लास्टिक साच्यात जोराने शिरतं तेव्हा हे पोहे प्रवाहाच्या दिशेने आडवे होतात आणि भागाच्या पृष्ठभागाला समांतर, एकावर एक पसरून गोठतात. वाकवणारा जोर आला की तो प्लास्टिककडून या पानांकडे जातो. रव्याचा कण गोल. त्याला धरायला लांबीच नाही. शिवाय टाल्कच्या पानाला पाणी चिकटत नाही, तेलकट गोष्टी चिकटतात. पॉलिप्रॉपिलीन हे पेट्रोलियमचंच अपत्य असल्यामुळे दोघांचं बऱ्यापैकी जमतं. चुनखडीच्या पुडीला मात्र बहुतेक वेळा स्टिअरिक आम्लाचा हात फिरवून घ्यावा लागतो.

एवढं करून कोणत्याही समारंभात मी माझा व्यवसाय सांगितला की एक प्रश्न ठरलेला असे: "म्हणजे तुम्ही प्लास्टिकमध्ये भेसळ करता?" दुधात पाणी, मिरचीत विटेची भुकटी, तसं प्लास्टिकमध्ये दगड. हा प्रश्न मला राग येऊ न देता सोडवायला बरीच वर्षं लागली, कारण तो पूर्ण चुकीचा नाही. त्यासाठी थोडा हिशेब करावा लागेल.

प्लास्टिकचा दाणा किलोने विकत घेतात आणि वस्तू नगाने विकतात. वस्तूला लागतं ते घनफळ, कारण साचा ठरलेला. पॉलिप्रॉपिलीनची घनता सुमारे ०.९०५, टाल्कची सुमारे २.७५, म्हणजे तिपटीहून जास्त. एक लिटर आकारमानाची वस्तू शुद्ध पॉलिप्रॉपिलीनची केली तर ९०५ ग्रॅम दाणा लागतो. वजनात वीस टक्के टाल्क असलेल्या मालाची घनता १.०४५ च्या आसपास जाते. तीच वस्तू १,०४५ ग्रॅमची होते. त्यात प्लास्टिक ८३६ ग्रॅम आणि टाल्क २०९ ग्रॅम. म्हणजे २०९ ग्रॅम दगड घालून वाचलं किती, तर ६९ ग्रॅम प्लास्टिक. वर तो दगड दळणं, आणणं, दोन स्क्रूंच्या एक्स्ट्रूडरमधून वितळलेल्या प्लास्टिकमध्ये एकजीव करणं, पुन्हा दाणा पाडणं, हा खर्च वेगळा. दुधात पाणी घालणाऱ्याचा हिशेब इथे जुळत नाही. केवळ पैसे वाचवायला कुणी टाल्क घालत असेल तर त्याला त्रैराशिक येत नाही असं समजावं.

फायदा दुसरीकडून येतो. पत्र्यासारख्या सपाट भागाचा ताठपणा त्याच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. माल दुप्पट ताठ असेल तर तेवढ्याच ताठपणासाठी जाडी पाचव्या हिश्शाने कमी करता येते. जाडी कमी झाली की साच्यात थंड व्हायला लागणारा वेळ तर आणखी कमी होतो, कारण तो जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. आमच्या धंद्यात सेकंद म्हणजे पैसा.

आणि काही गोष्टी पैशाच्याही पलीकडच्या असतात. प्लास्टिक उन्हात फुगतं. दीड मीटर लांबीचा शुद्ध पॉलिप्रॉपिलीनचा बंपर चाळीस अंशांच्या फरकाने साधारण सहा मिलिमीटर लांबतो. ज्या पोलादी पत्र्याला तो जोडलेला असतो तो पाऊण मिलिमीटरही नाही. नागपुरात मे महिन्याच्या पहाटे आणि दुपारी काळ्या बंपरच्या तापमानात एवढा फरक पडतोच. दगड मात्र उन्हाने फारसा हलत नाही. बंपरमधली टाल्कची पानं प्लास्टिकला लांबीच्या दिशेने धरून ठेवतात आणि हे फुगणं बरंच खाली आणतात. बंपर आणि मडगार्ड यांच्यामधली फट दुपारीही सरळ दिसते ती यामुळे.

माझ्या आयुष्यात भेसळ आणि गुण यांतली रेषा एकदाच स्पष्ट दिसली, आणि तिथे मी चुकीच्या बाजूला उभा होतो. १९९६ सालचा मे महिना. आम्ही एका टेंपोच्या एअर फिल्टरच्या पेटीचं झाकण बनवत होतो. माल चाळीस टक्के टाल्कचा. झाकण इंजिनाशेजारी बसायचं, म्हणून दर खेपेतले काही नग ओव्हनमध्ये ११० अंशांवर चार तास ठेवून पाहायचे, असा नियम. एका सकाळी ते नग बाहेर काढले तर कडा वर आलेल्या, पापड भाजल्यासारख्या. कडा उचलली म्हणजे फट, फट म्हणजे इंजिनात धूळ. रात्रपाळीचा सगळा माल बाजूला काढला.

गुणवत्ता विभागात मी होतो. दाण्याचा अहवाल काढून पाहिला. आमच्याकडे राखेची चाचणी करत: मोजलेला दाणा भट्टीत सहाशे अंशांवर जाळायचा, प्लास्टिक निघून जातं, उरते ती खनिजाची राख, तिचं वजन करायचं. राख ३९.६ टक्के. चाळीसला कागदोपत्री उत्तम. म्हणजे माल बरोबर. मग दोष कुणाचा? मशीन चालवणाऱ्याचा. साचा लवकर उघडला, थंड होऊ दिलं नाही, नग वाढवायचे होते. रात्रपाळीला मामा होते. मी मेमो लिहिला आणि सही केली.

मामांनी मेमो घडी करून खिशात ठेवला, एक शब्द बोलले नाहीत. दुपारी आमच्या प्रयोगशाळेतल्या मुलीने भट्टीच्या वाटीतली राख टाकून देण्याआधी, का कोण जाणे, तिच्यावर पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचे चार थेंब टाकले. ती मला बोलवायला आली तेव्हाही वाटीत फेस होता. टाल्कवर आम्लाचा परिणाम होत नाही. खाणीत त्याच्यासोबत डोलोमाइट येतो, म्हणून किंचित फसफस कधी कधी दिसते. पण हे दूध उतू जावं तसं होतं. राखेत टाल्क नावापुरतं होतं. बाकी सगळी चुनखडीची पूड.

वजन तेच, पांढरेपणा तोच, घनताही जवळजवळ तीच. आमची चाचणी फक्त वजन करत होती आणि वजन खरं होतं. फरक होता आकारात: पोह्यांच्या जागी रवा. चुनखडीची पूड स्वस्त असते, आणि ती वाईट असते असंही नाही. प्लास्टिकच्या खुर्चीत, विणलेल्या गोणपाटात तिची जागा आहे. धक्का सोसण्याच्या बाबतीत तर ती टाल्कपेक्षा बरीच समजूतदार. पण उष्णतेत ताठ राहायचं तर पानं लागतात. पुरवठादाराला फोन केला. त्याचं म्हणणं, चाळीस टक्के खनिज सांगितलं होतं, चाळीस टक्के दिलं. भेसळ या शब्दाचा अर्थ मला त्या फोनवर कळला. आणि आमच्या खरेदीच्या कागदावर खरंच 'चाळीस टक्के फिलर' एवढंच लिहिलेलं होतं, हेही कळलं. तो कागद मीच तपासून पुढे पाठवला होता.

मेमो मागे घेतला. मामा म्हणाले, "साहेब, दगड तुमचा खोटा निघाला अन् कागद मला मिळाला." त्यानंतर दर खेपेच्या राखेवर आम्ही आम्ल टाकायचो.

टाल्कचं एक काम या ताठपणाहून निराळं आहे आणि मला ते जास्त देखणं वाटतं. खडीसाखर करताना पाकात दोरा सोडतात. साखरेला बसायला जागा मिळाली की खडे त्यावर धरतात. पॉलिप्रॉपिलीनच्या साखळ्याही थंड होताना काही भागात शिस्तीत घड्या घालून स्फटिक होतात. इटलीत जुलिओ नात्ता यांनी १९५४ मध्ये ज्या प्रकारचं पॉलिप्रॉपिलीन तयार केलं त्याचं वैशिष्ट्यच हे होतं, की त्याच्या साखळ्या एका वळणाच्या, त्यामुळे त्यांना अशा घड्या घालता येतात. १९६३ मध्ये कार्ल त्सीग्लर यांच्यासोबत त्यांना नोबेल मिळालं. या स्फटिकांना सुरुवात करायला दोरा लागतो आणि टाल्कच्या पानाचा पृष्ठभाग तो दोरा होतो. त्यासाठी चाळीस टक्के नको, एक टक्काही पुष्कळ. मग घट्ट होणं साधारण दहा अंश आधीच सुरू होतं, स्फटिक बारीक आणि संख्येने जास्त होतात, भाग लवकर बाहेर काढता येतो. आकसणंही कमी होतं. शुद्ध पॉलिप्रॉपिलीन साच्यातून निघाल्यावर दीड-दोन टक्के आकसतं आणि जाड ठिकाणी खड्डा, पातळ ठिकाणी पीळ पडतो. भरपूर टाल्क असेल तर हे आकसणं एक टक्क्याच्या आसपास येतं.

किराण्याच्या पातळ पिशव्यांमध्ये तर टाल्क हजारात काही भाग एवढंच असतं आणि तिथे ताठपणाशी काही देणंघेणं नसतं. गुळगुळीत फिल्मचे दोन थर एकमेकांना चिकटून बसतात. पृष्ठभागावर अतिसूक्ष्म उंचवटे आले की मध्ये हवा शिरते. दुकानदाराला बोट ओलं करून पिशवी चोळत बसावं लागलं, तर तिथे हा खर्च कुणीतरी वाचवला आहे असं खुशाल समजावं.

या सगळ्याची किंमत मोजावी लागते. टाल्क वाढवलं की माल ठिसूळ होतो. म्हणून बंपरमध्ये त्याच्या जोडीला रबर घालावं लागतं. साच्यात दोन प्रवाह समोरासमोर येऊन मिळतात ती सांध्याची रेघ अधिकच नाजूक होते, कारण तिथे पानं सांध्याला समांतर उभी राहतात, सांधा ओलांडून जात नाहीत. झाकणाची खिटी नेमकी अशा जागी आली तर पहिल्यांदा उघडतानाच हातात येते. आम्ही त्यासाठी एका साच्याचं तोंड दोनदा बदललं. टाल्कमध्ये खाणीतून आलेलं लोहाचं अंश असेल तर उष्णतेत प्लास्टिक लवकर म्हातारं होतं. ते टाळायला घातलेली रसायनं पानांच्या पृष्ठभागाला चिकटून बसतात आणि कामाला कमी पडतात, म्हणून ती जास्त घालायची. आणि डॅशबोर्डवरची ती पांढरी रेघ आहेच. तिच्यावर गाडी कंपन्यांनी डोकं किती खपवलं आहे, हे बाहेरच्या माणसाला सांगून पटणार नाही.

त्याहून गंभीर किंमत गोणी उघडणाऱ्याची. बारीक दळलेलं टाल्क इतकं हवेशीर असतं, की पंचवीस किलोची गोणी उशीसारखी फुगलेली येते आणि हॉपरमध्ये उपडी केली की पांढरा ढग उठतो. टाल्कची धूळ वर्षानुवर्षं श्वासातून गेली तर फुफ्फुसं निबर होतात, हे जुनं ज्ञान आहे. त्या आजाराला टाल्कोसिस असं नावही आहे. काही खाणींतल्या टाल्कमध्ये अॅस्बेस्टॉसचे तंतू असतात, हा धोका आणखी वेगळा. जॉन्सन अँड जॉन्सनने खटल्यांच्या गदारोळात टाल्कची बेबी पावडर २०२० मध्ये उत्तर अमेरिकेत आणि २०२३ मध्ये जगभर थांबवली. जुलै २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने टाल्क 'माणसात बहुधा कर्करोगकारक' या गटात टाकलं. एकदा प्लास्टिकमध्ये बंदिस्त झाल्यावर ते उडत नाही. डॅशबोर्डला हात लावायला घाबरण्याचं कारण नाही. पण त्याआधी ते कुणाच्या तरी नाकासमोरून जातं. आता दाबून गोळी केलेलं टाल्क मिळतं, धूळ ओढणारे पंखे असतात. आमच्या वेळी तोंडाला रुमाल बांधत. हॉपरवरच्या पोरांच्या पापण्या संध्याकाळी पांढऱ्या असायच्या आणि आम्ही त्यावर विनोद करायचो.

निवृत्तीनंतर एकदा धारावीत भंगार प्लास्टिक निवडतात ती जागा पाहायला गेलो. तिथली निवड डोळे, कान आणि नाक यांवर चालते. तुकडा फरशीवर आपटून आवाज ऐकतात, जाळून वास घेतात. पॉलिप्रॉपिलीनला मेणबत्तीचा वास येतो, पॉलिस्टायरिन काजळी सोडतं. शंका राहिली तर पाण्याचं पिंप: पॉलिप्रॉपिलीन आणि पॉलिथिन तरंगतात, बाकीची बहुतेक बुडतात. मी घरी येऊन हिशेब मांडला. पॉलिप्रॉपिलीनमध्ये वजनाने चौदा टक्क्यांपर्यंत टाल्क असेल तर ते तरंगतं; त्याच्या वर गेलं की बुडतं. वीस टक्क्यांच्या मालाची घनता तर पॉलिस्टायरिन आणि एबीएस यांच्या इतकीच भरते, म्हणजे पिंपाच्या तळाशी तो नेमका त्यांच्यात जाऊन बसतो. त्यांच्याबरोबर वितळवला तर एकजीव होत नाही. निघतो तो दाणा पापुद्रे सुटणारा. वेगळा काढला तर मात्र तो पुन्हा टाल्कचा माल म्हणून उत्तम चालतो, कारण दगड वितळलेला नसतो आणि पानं बरीचशी शाबूत असतात.

तिथे बसलेल्या माणसाने बंपरचा एक तुकडा जाळून हुंगला, मेणबत्ती. पिंपात टाकला, बुडाला. त्याला मुळीच आश्चर्य वाटलं नाही. त्याने तो बाहेर काढून नखाने खरवडला, पांढरी रेघ पाहिली आणि मागे न बघता तिसऱ्या पोत्यात टाकला. या पोत्याला काय म्हणता, विचारलं तर म्हणाला, गाडीवाला. भाव विचारला. ओळखणारं गिऱ्हाईक आलं तर बरा मिळतो, म्हणाला, नाहीतर तळाच्या मालाबरोबर जातो.